मुंबईच्या उपनगरांतील कृष्णधवल छायाचित्रणाचे शिक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे आणि त्यांनी वेळोवेळी आखलेले अभ्यासक्रम यांच्या आधारे लिहिला गेला आहे. मुद्रण, यंत्रकाम, छायाचित्रण यांसारखी तंत्रे समाजाने नेमकी कोठे व कोणाकडून आत्मसात केली, हा प्रश्न या इतिहासात बहुधा तळटीपेपुरताच उरतो. छायाचित्रणाबाबत ही उणीव विशेष जाणवते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या अभ्यासासाठी संशोधक छायाचित्रांचा पुरावा सर्रास वापरतात. परंतु ज्यांच्या हातून ही छायाचित्रे तयार झाली, त्यांना ते काम कोणी शिकविले याची चौकशी फारशी होत नाही. प्रस्तुत निबंधात चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या कृष्णधवल छायाचित्रणाचे शिक्षण मुंबईच्या उपनगरांत कसे घडले, याचा मागोवा घेतला आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. निगेटिव्हसाठी व्यस्तचित्र, इमल्शनसाठी पायस, डेव्हलपरसाठी विकासक असे प्रतिशब्द मराठीत घडविले गेले. ते कोशांत राहिले. डार्करूममध्ये मात्र डेव्हलपर, हायपो आणि 'फिल्म धुणे' हेच शब्द चालले. येथे व्यवहारातील शब्दच वापरले आहेत, कारण या विद्येचे अध्यापन त्याच शब्दांत झाले.

एल्फिन्स्टनपासून घाटकोपरपर्यंत

मुंबईत छायाचित्रणाचा आरंभ शैक्षणिक दृष्टीने आश्वासक झाला. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. नारायण दाजी तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. मुंबईतील पहिल्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक असलेले हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गातून पुढे आले. युरोपातही हे तंत्र नुकतेच रुळू लागले होते, हे लक्षात घेता मुंबईतील या वर्गाचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

तथापि महाविद्यालयीन वर्गाला त्या काळच्या तंत्राची एक मर्यादा होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर थर चढविणे, ती संवेदनशील करणे, चित्र घेणे आणि धुणे हे सर्व काच ओली असतानाच, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत उरकावे लागे. साष्टी बेटावरील कान्हेरीसारख्या लेण्यांची छायाचित्रे घ्यायची तर कॅमेऱ्याबरोबर काळा तंबू, काचा, रसायने आणि पाणीही डोंगरावर न्यावे लागे. असे काम एकट्याचे नव्हते. तंबू उभारणारे, काचा पुसणारे, पाणी वाहणारे मदतनीस प्रत्येक मोहिमेत असणारच. त्यांची नावे उपलब्ध नाहीत, पण थर कसा ओतावा आणि काच किती कलती धरावी हे त्यांनी जवळून पाहिले होते. पुस्तकाबाहेरील छायाचित्रण-शिक्षण येथे सुरू झाले, असे अनुमान करण्यास जागा आहे.

एल्फिन्स्टनच्या वर्गाने दाखविलेली वाट पुढे रुंदावली नाही. १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झालेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांना छायाचित्रणाची प्रयोगशाळा मनाजोगती वापरायला मिळाली ती बडोद्याच्या कलाभवनात, प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या कृपेने. फाळक्यांनी पुढे गोध्र्यात स्टुडिओ चालविला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली, लोणावळ्यास ब्लॉक व मुद्रणाचा छापखाना काढला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, तो योग्यच आहे. मात्र त्या गौरवात त्यांची वीस-बावीस वर्षांची डार्करूममधील उमेदवारी झाकली जाते.

उपनगरांचा संबंध येतो तो याच सुमारास. राजा रविवर्मा यांचा चित्रमुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपर येथे सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. हा छापखाना शिळाछापाचा होता, छायाचित्रणाचा नव्हे. त्यामुळे त्याला या इतिहासाचा पहिला अध्याय म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु यंत्रे जर्मनीची, त्यांवरील जाणकार जर्मन आणि शिकणारे हात स्थानिक, ही जी रचना घाटकोपरला दिसली, तीच बरोबर चाळीस वर्षांनी मालाडला दिसून येते. शिक्षणसंस्थेने सोडलेली जागा दोन्ही वेळा उद्योगाने भरून काढली.

मालाडची प्रयोगशाळा

हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे बॉम्बे टॉकीजची स्थापना केली. मालाड तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव होते. दिग्दर्शनासाठी फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यासाठी जोसेफ विर्शिंग, नेपथ्यासाठी कार्ल फॉन श्प्रेटी आणि प्रयोगशाळेसाठी विल्हेल्म झोले असे जर्मन तंत्रज्ञ तेथे आले. ऑस्टेन आणि विर्शिंग यांना हा देश नवा नव्हता. १९२५ च्या 'लाइट ऑफ एशिया' या मूकपटासाठी ते पूर्वी येऊन गेले होते. पदवीधर तरुणांना घेऊन त्यांना एकेका तांत्रिक विभागात तयार करणे हे राय यांचे धोरण होते. आजच्या भाषेत त्याला प्रशिक्षण-योजना म्हणता येईल, पण ना अभ्यासक्रम छापला गेला, ना प्रमाणपत्र दिले गेले.

या धोरणाचे सर्वांत परिचित उदाहरण कुमुदलाल गांगुली यांचे आहे. विज्ञानाचा हा पदवीधर कायद्याचा अभ्यास सोडून मालाडला आला तो पडद्यावर झळकण्यासाठी नव्हे. चित्रपटाचे तंत्र शिकण्याची त्याची इच्छा होती आणि त्याला प्रयोगशाळेत साहाय्यकाचे काम मिळाले. 'जीवन नैया' (१९३६) या चित्रपटाच्या वेळी नायकाची जागा रिकामी झाली, तेव्हा राय यांनी त्याला प्रयोगशाळेतून उचलून कॅमेऱ्यासमोर उभे केले. अशोक कुमार या नावाने त्याची पुढील कारकीर्द सर्वज्ञात आहे. ही कथा एरवी नशिबाची गंमत म्हणून सांगितली जाते. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. विज्ञानाच्या पदवीधराला फिल्म धुण्याच्या कामावर नेमावे, इतकी त्या कामाची बौद्धिक प्रतिष्ठा मालाडमध्ये होती.

ही प्रतिष्ठा का होती, हे समजण्यासाठी फिल्मच्या स्वरूपात झालेला बदल पाहिला पाहिजे. आरंभीच्या काचा आणि फिल्म निळ्या किंवा निळ्या-हिरव्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. लाल प्रकाशाचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. त्यामुळे लाल दिव्याच्या उजेडात उस्ताद काच विकासकातून उचलून शिष्याला दाखवू शकत असे : आकाश भरले, चेहरा अजून यायचा आहे, आता काढ. शिकणे हे डोळ्यांनी होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटसृष्टीने सर्व रंगांना संवेदनशील अशी पॅनक्रोमॅटिक फिल्म स्वीकारली आणि ही सोय संपली. अशी फिल्म पूर्ण काळोखात हाताळावी लागते. गुरूला दाखविता येत नाही आणि शिष्याला पाहता येत नाही. नजरेची जागा घड्याळाने आणि तापमापकाने घेतली. अमुक द्रावण, अमुक अंश तापमान, अमुक मिनिटे, आणि प्रत्येक वेळी तेच. पिढीजात कसबाला रसायनशास्त्राची शिस्त आली ती येथे. म्हणूनच मालाडला पदवीधर हवे होते, आणि म्हणूनच प्रयोगशाळा हा स्वतंत्र विभाग व त्याचा प्रमुख स्वतंत्र तज्ज्ञ होता.

या शाळेच्या भिंतींचाही विचार केला पाहिजे. प्रवेश होता तो शिकलेल्यांना, इंग्रजी जाणणाऱ्यांना आणि ओळखीपाळखीतील मंडळींना. फिल्म गुंडाळणारे, टाक्या घासणारे, वाळवणीच्या पिंपांवर काम करणारे कामगार तेथे होतेच, पण श्रेयनामावलीत त्यांना स्थान नाही. १९४० नंतर संस्थेची सूत्रे देविका राणी या स्त्रीकडे आली, तरी तिच्या चित्रपटांच्या परिचित कॅमेरा-श्रेयांत स्त्रीचे नाव आढळत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि बॉम्बे टॉकीजमधील जर्मन तंत्रज्ञांना ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ताब्यात घेतले. मे १९४० मध्ये हिमांशु राय यांचे निधन झाले. शिकविणारे आणि शिकविण्याची योजना आखणारा, असे दोघेही एका वर्षाच्या आत नाहीसे झाले. त्यातच कच्च्या फिल्मचा तुटवडा निर्माण होऊन १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर मर्यादित केली. अशा परिस्थितीत १९४३ मध्ये याच संस्थेचा 'किस्मत' प्रदर्शित झाला आणि कलकत्त्याच्या एका चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचे छायालेखन आर. डी. परीन्जा यांचे होते. 'किस्मत'च्या यशाची चर्चा गाण्यांच्या आणि अशोक कुमारांच्या अनुषंगाने होते. पण परकीय तंत्रज्ञ गेल्यावर प्रयोगशाळा आणि कॅमेरा विभाग बंद पडले नाहीत, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासकाराने अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. मालाडमध्ये विद्या खरोखर उतरली होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

विर्शिंग युद्धानंतर मुंबईला परतले. 'महल' (१९४९) हा त्यांच्या कृष्णधवल कामाचा ठळक नमुना होय. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजमधून फुटून निघालेल्या मंडळींनी गोरेगावात फिल्मिस्तान उभी केली. बिमल रॉय हे न्यू थिएटर्समध्ये कॅमेरामन म्हणून तयार झालेले दिग्दर्शक 'माँ' (१९५२) साठी बॉम्बे टॉकीजमध्ये आले. मालाड, गोरेगाव आणि अंधेरी या तीन स्थानकांच्या परिसरात मनुष्यबळाची ही देवघेव चालू राहिली आणि तिच्याबरोबर डार्करूमची रीतही फिरत राहिली.

स्थानकासमोरचे स्टुडिओ

१९५० मध्ये आणि नंतर १९५७ मध्ये मुंबईची हद्द वाढून ती पश्चिमेस दहिसर आणि पूर्वेस मुलुंडपर्यंत गेली. फाळणीनंतर आलेली निर्वासित कुटुंबे, गिरगाव-दादरहून सरकलेला मध्यमवर्ग आणि कारखान्यांतील कामगार यांनी ही उपनगरे भरली. ओळखपत्र, पासपोर्ट, परीक्षेचा अर्ज, स्थळासाठी मुलीचा फोटो, वृद्ध आईवडिलांचा भिंतीवर लावायचा फोटो, अशा गरजांमधून जवळपास प्रत्येक स्थानकासमोर फोटो स्टुडिओ दिसू लागले. पुढे एका कॅमेऱ्याने हौशी वर्गही निर्माण केला. बडोद्यास बनणाऱ्या आग्फा क्लिक-३ मध्ये १२० क्रमांकाच्या रोलवर १२ चौरस चित्रे येत. उटकमंड येथील सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७ पासून उत्पादन सुरू केले व 'इंदू' ही देशी फिल्म आणि कागद बाजारात आणला; पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्मही मिळत असे. आयातीवर निर्बंध असल्यामुळे फिल्म वाया घालवून शिकण्याची चैन कोणालाच नव्हती. बारा चित्रांतील एक बिघडले तरी त्याचे कारण शोधावे लागे.

या स्टुडिओंत शिकण्याचा क्रम ठरलेला असे. झाडलोट, मग कागद वाळविणे व कडा कापणे, मग प्रिंट धुणे, मग प्रिंट काढणे, आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. वरवर पाहता ही मालकाची सोय दिसते. परंतु तिच्यात अध्यापनाचे तर्कशास्त्रही आहे. कृष्णधवल कागद लाल किंवा पिवळसर दिव्यात हाताळता येतो. म्हणजे फिल्मच्या बाबतीत हरवलेली 'दाखविण्याची' सोय प्रिंटच्या बाबतीत टिकून होती. ट्रेमधील कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना गुरू आणि शिष्य एकत्र पाहू शकत. कागदाच्या पट्टीवर वेगवेगळ्या सेकंदांची चाचणी घेणे, हाताच्या सावलीने एखादा भाग उजळ राखणे, दुसऱ्या भागाला जादा प्रकाश देऊन तो गडद करणे, हे सर्व तेथे शिकता येई. उत्तरापासून प्रश्नाकडे, प्रिंटपासून निगेटिव्हकडे आणि तेथून कॅमेऱ्याकडे जाणारा हा उलटा अभ्यासक्रम होता. आजच्या कार्यशाळांत विद्यार्थ्याच्या हाती प्रथम कॅमेरा दिला जातो. स्टुडिओची जुनी रीत अधिक सखोल होती, असे म्हणावेसे वाटते.

मुंबईच्या हवामानाने या शिक्षणात स्वतःचे धडे घातले. कोडॅकने १९२७ मध्ये दिलेला डी-७६ हा विकासक पुढे जगभर प्रमाण ठरला. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व टाकणखार २ ग्रॅम असे त्याचे साधे सूत्र आहे. परंतु त्याच्या वेळा २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात, आणि मुंबईत नळाचे पाणीच उन्हाळ्यात त्यापेक्षा कितीतरी उष्ण येते. उष्ण द्रावणात फिल्म भराभर काळी होते, दाणा फुगतो, जिलेटिनचा थर मऊ पडून सुटतो. वेळ फार कमी केला तर फिल्म असमान धुतली जाते. म्हणून द्रावण पातळ करणे, ट्रे किंवा टाकीच्या बाहेरून बर्फ लावणे, थर कठीण करण्यासाठी क्रोम तुरटी वापरणे, रात्री उशिरा काम करणे हे उपाय करावे लागत. दमट हवेत माठातील पाणी फारसे गार होत नाही, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कोरड्या विदर्भातील छायाचित्रकाराचा उपाय बोरिवलीत चालला नसता.

पाण्याचा प्रश्न तापमानापुरता नव्हता. जाड ब्रोमाइड कागदाच्या तंतूंत हायपो मुरतो आणि तो काढण्यासाठी वाहत्या पाण्यात सुमारे तासभर धुणे आवश्यक असते. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे शहराची तहान भागविणारे तलाव उपनगरांच्याच भूमीवर आहेत, पण उपनगरातील नळाला पाणी ठरावीक तासांपुरतेच येई. धुणे अपुरे राहिले की हायपोचा अंश चित्रात राहतो आणि काही वर्षांनी ते पिवळे पडते. उपनगरातील घरांत आढळणाऱ्या पिवळ्या विवाहचित्रांत केवळ काळाचा नव्हे, तर पाणीपुरवठ्याचाही इतिहास साठला आहे, असे अनुमान अवास्तव ठरू नये.

आणखी एक कौशल्य स्टुडिओत आग्रहाने शिकविले जाई, ते म्हणजे रिटचिंग. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने ग्रॅफाइटचा थर दिला की त्या जागी प्रिंटमध्ये उजळपणा येतो. लाल रंग न ओळखणाऱ्या जुन्या फिल्ममध्ये भारतीय त्वचेचा वर्ण प्रत्यक्षापेक्षा काळवंडत असे. तेवढ्यापुरती ही तांत्रिक दुरुस्ती होती. पण पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर ती गरज संपली आणि पेन्सिल मात्र चालूच राहिली. स्थळाच्या फोटोत मुलगी गोरी दिसावी, ही मागणी शिकाऊ मुलाच्या हातून निगेटिव्हवर उमटत होती. उपनगरातील स्टुडिओंची विवाहचित्रे समाजशास्त्रीय पुरावा म्हणून वापरणाऱ्याने हा हात विसरता कामा नये.

स्टुडिओबाहेर, घरातील शिक्षणाचे एक उल्लेखनीय उदाहरण वांद्र्याचे आहे. मनोबीना रॉय (१९१९–२००१) यांना आणि त्यांच्या जुळ्या भगिनी देबलीना यांना वडिलांनी लहानपणीच कॅमेरा देऊन हे तंत्र शिकविले. बिमल रॉय यांच्याशी विवाहानंतर मनोबीना मुंबईस आल्या आणि त्यांनी छायाचित्रण चालू ठेवले. पारशी समाजातील होमाई व्यारावाला यांनाही हे तंत्र प्रथम मिळाले ते माणेकशॉ व्यारावाला या भावी पतीकडून. त्यांची आरंभीची छायाचित्रे माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. स्त्रीला डार्करूमचे दार उघडले ते बहुधा घराच्या आतून. नोकरीच्या किंवा उमेदवारीच्या वाटेने नव्हे.

निगेटिव्हचे भवितव्य

१९८० नंतर रंगीत फिल्म आणि तिच्या यांत्रिक प्रयोगशाळा आल्या, आणि स्टुडिओतील शिकाऊ मुलाचे काम यंत्राकडे गेले. नंतरचा घटनाक्रम वेगवान आहे : २००४ मध्ये इलफर्ड आणि २००५ मध्ये आग्फाफोटो दिवाळखोरीत, २०१२ मध्ये कोडॅक. इलफर्ड नव्या व्यवस्थापनाखाली सावरली आणि तिची एचपी-५ प्लस ही फिल्म आजही मिळते. 'इंदू' मात्र संपली. मुंबई विद्यापीठाचा मास मीडियाचा पदवी अभ्यासक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला आणि उपनगरांतील अनेक महाविद्यालयांनी तो स्वीकारला. तोवर रसायनांची डार्करूम उद्योगातूनच निघून चालली होती. १८५५ मध्ये महाविद्यालयाने हे तंत्र उद्योगाच्या आधी हाती घेतले होते. दीडशे वर्षांनी ते महाविद्यालयाच्या दारी आले ते निरोप घेताना. याच संक्रमणकाळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल छायाचित्रांतून नोंदविले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. हाताने फिल्म धुणारे मोजके तरुण आज पुन्हा दिसतात, पण त्यांतील बहुतेकांना शिकविणारा उस्ताद लाभलेला नाही.

अधिक गंभीर हानी निगेटिव्हची आहे. विर्शिंग यांचा हजारो छायाचित्रांचा संग्रह कुटुंबीयांनी जपला, म्हणून २०१७ मध्ये गोव्यात त्याचे प्रदर्शन होऊ शकले. स्थानकासमोरच्या स्टुडिओला असे वारस लाभत नाहीत. जागेचा पुनर्विकास होतो, काचा पुसून दुसऱ्या कामाला लागतात, फिल्म भंगारात किंवा चांदी काढण्यासाठी जाते. चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट फिल्म जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, त्याची निदान बातमी झाली. स्टुडिओच्या खोक्यांची बातमी होत नाही.

उपनगरांतील महाविद्यालयांना येथे काम करण्यासारखे आहे, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. निगेटिव्हबरोबर स्टुडिओची नोंदवही मिळविणे ही पहिली गरज, कारण पाकिटावरचा क्रमांक वहीतील नावाशी आणि तारखेशी जुळला नाही तर हाती केवळ एक अनोळखी चेहरा उरतो. दुसरी गरज जुन्या कारागिरांच्या मुलाखतींची. तिसऱ्या कामी इतिहास विभागाला रसायनशास्त्र विभागाची मदत घ्यावी लागेल. ॲसिटेट फिल्म उष्ण व दमट हवेत विघटित होते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. एका रोलमधून निघालेली आम्लाची वाफ त्याच खोक्यातील इतर रोलांचे विघटनही वेगाने घडवून आणते, त्यामुळे वास येणारे रोल प्रथम वेगळे काढावे लागतात. हे काम पावसाळ्यापूर्वी करणे इष्ट.